माग थांबल्यावर

माग चालू असताना त्या कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नसे. कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकणारा "आँ?" करी. म्हणून विणकरांनी हातांचीच एक भाषा करून टाकली होती. धागा तुटला, साहेब येतोय, अमक्याचं तमकीशी जुळलंय, सगळं बोटांवर. फिटरला त्यातलं फक्त 'चहा' कळायचं. तो पडला बाहेरचा माणूस, महिन्यातून एकदा जनरेटर चालवून बघायला येणारा.

पण तो जुना जनरेटर मोठा गुणी होता. फिटरने मेन स्विच पाडला की माग गप्प होत. मग तो मागच्या शेडमध्ये जाई, तेल बघी, पाणी बघी, पट्टा दाबून बघी, आणि मग कुठे इंजिन सुरू करी. खरं तर तेल-पाणी वीज तोडण्याआधीच बघायचं असतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कारखान्याच्या वतीने सोबत उभी राही ती मुकादमबाई, आणि तेवढ्याच शांततेत तिचा आवाज ऐकू येई.

बाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. फिटरचं लग्नाचं वय या कारखान्यातून त्या कारखान्यात हिंडण्यात निघून गेलं होतं. बाई आईच्या गुडघ्यांबद्दल बोले, तो आपल्या टेम्पोच्या नखऱ्यांबद्दल. इंजिन सुरू झालं की वाक्य तिथेच तुटे. पुढच्या महिन्यात बाई नमस्कार-चमत्कार न करता तिथूनच पुढे सुरू करी, "...म्हणून मी आईला म्हटलं, काठी घे." मधला महिना तो त्या उरलेल्या अर्ध्या वाक्यावर काढी.

फाटकाबाहेर भेटायला कुणी बंदी घातली होती का? नव्हती. पण इंजिनात कोपरापर्यंत हात घालणारा हा गडी, "जरा थांबता का?" एवढं म्हणायचं तर त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

मागच्या खेपेला, साहेबाने नवा जनरेटर घ्यायचं ठरवल्यावर, बाई म्हणाली होती, "मशीन बदललं की तुम्ही..." तेवढ्यात खिडकीतून साहेब खेकसला, "वीज कधी येणार?" आणि याने घाबरून इंजिन सुरू केलं.

मशीन बदललं, तेही यानेच. चौथरा बांधून घेतला, क्रेनने धूड बसवलं, केबली ओढल्या. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. नवा जनरेटर वीज जाताच आपोआप सुरू होणार होता, महिन्याची चाचणी स्वतःच घेणार होता. आवाजही पत्र्याच्या जाड पेटीत कोंडलेला. फिटरने यायचं कारणच उरत नव्हतं.

"मध्ये अंधार किती वेळ?" साहेबाने विचारलं.

"एक-दोन श्वासांपुरता."

"त्याहून वाढायला नको."

पॅनेलवर तो वेळ वाढवता येत होता. फिटरचं बोट बटणावर जरा रेंगाळलं. मग त्याने सर्वांत कमी वेळ लावला. कामात लबाडी त्याला जमत नसे, त्या तेल-पाण्याची सोडून.

चाचणीच्या वेळी मेन स्विच पडला. शांतता झाली. पॅनेलपाशी उभी असलेली बाई वळली.

"मी म्हणत होते, मशीन बदललं की तुम्ही..."

दिवे लागले. विणकर बटणावर बोट ठेवूनच उभे होते. माग पुन्हा धडधडू लागले. साहेबाने खूश होऊन टाळ्या वाजवल्या, त्याही ऐकू आल्या नाहीत, आणि तो केबिनकडे गेला. फिटर जागच्या जागी उभा राहिला. त्याला तिचा आवाज हवा होता, बस. आणि नेमका तोच त्याने स्वतःच्या हाताने बंद पाडला होता.

बाईचा पारा चढला. मागांच्या मधल्या वाटेत जाऊन तिने हात उचलले. आधी त्याच्याकडे बोट, मग फिरणारं काहीतरी, मग स्वतःकडे बोट. फिटरला ओ की ठो कळलं नाही. त्याने हातानेच विचारलं, "चहा?" दोन विणकर पोट धरून वाकले.

बाईने तेच पुन्हा, मोठ्या हातवाऱ्यांनी सांगितलं. आता ते अख्ख्या कारखान्याने वाचलं. टोकाच्या म्हाताऱ्या विणकराने आपला माग थांबवला. मग शेजारणीने. मग एकेक करत सगळ्यांनी.

साहेब धावत आला. "जनरेटर पडला काय?"

"चालू आहे, साहेब," म्हातारा म्हणाला. "जरा दम धरा."

त्या शांततेत बाई म्हणाली, "तुमचं मशीन आता आपोआप सुरू होतं. तुम्ही आपोआप येणार, की दर वेळी बोलावणं धाडू?"

"येईन!" फिटर बेंबीच्या देठापासून ओरडला. माग बंद आहेत हे तो विसरलाच होता.

"ओरडताय कशाला?" बाई म्हणाली. "ऐकू येतंय मला."