नवा रस्ता, म्हणजे जुना

आमच्या घरात 'नवा रस्ता' म्हणजे दारासमोरचा. त्यात नवं काही नाही, हे लग्न होऊन आल्यावर चार दिवसांतच कळलं. राज्य महामार्ग आधी बाजारपेठेतून जायचा. तिथल्या वळणावर ट्रक अडकायचे, दुकानांच्या पाट्या खरवडून निघायच्या, म्हणून तो उचलून आमच्या दारावरून काढला. सासूबाई नवरी होऊन आल्या तेव्हा डांबर अजून ओलं होतं. एक चप्पल त्यातच रुतून राहिली, असं त्या अजून कौतुकाने सांगतात. पुढे वाहतूक वाढली आणि महामार्ग पुन्हा उठून कालव्यापलीकडे, उंच भरावावर जाऊन बसला. जाताना नंबराची पाटीही घेऊन गेला. तिचे दोन खांब तेवढे आमच्या वाट्याला आले. त्यांना दोरी बांधून सासूबाई पायपुसणी वाळत घालतात.

"आई, नवा रस्ता आता तो पलीकडचा," मी एकदा म्हणून पाहिलं होतं.

"तो बायपास. त्याला रस्ता म्हणतात होय? कडेला कुणाचं दार तरी आहे का?"

विषय संपला.

त्या दिवशी धाकटा तापाने फणफणला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी मोठीची वेणी घालायलाही हातात जोर नव्हता, तिला "स्टॅच्यू!" म्हणून पुतळ्यासारखं उभं केलं, तेव्हा कुठे रिबीन बसली. दुपारी धाकट्याला खांद्यावर टाकून खिडकीशी फेऱ्या घालत होते. मोठीच्या शाळेच्या व्हॅनची वेळ टळून गेली. माझं मन असल्या बाबतीत फार पुढे धावतं, म्हणून त्याला जरा दटावलं. मग राहवेना.

"आई, व्हॅन कशी आली नाही हो?"

"येईल की. मघाशी फोन होता. नेहमीचे काका रजेवर आहेत, बदली माणूस आलाय. पत्ता विचारत होता."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? नवा रस्ता, टायरवाल्यासमोर."

टायरवाला पूर्वी आमच्या दारासमोर होता. ट्रक तिकडे गेले तसा तोही त्यांच्या मागे बायपासला गेला. इथे उरलंय ते गंजकं शटर आणि त्यावर रंगवलेलं चाक.

व्हॅनवाल्याला फोन लावला. "सोडलं की वहिनी, टायरवाल्यासमोर. आई येतेय म्हणाली ती."

"समोर म्हणजे?"

"समोर म्हणजे समोर. रस्त्याच्या पलीकडे."

धाकट्याला सासूबाईंच्या हातात दिलं आणि निघाले. कालव्याचा पूल, मग चढण. घरच्या सपाता एकसारख्या सुटत होत्या. शेवटी हातात घेतल्या. भराव चढून वर आले तर धूळ, हॉर्न, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे ती. पाठीवर दप्तर, एका वेणीची रिबीन सुटलेली. रडत नव्हती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. मला त्याचीच भीती होती. तिने पाय उचलला.

"थांब" म्हटलं तर ती थांबत नाही. घरात दिवसातून शंभरदा म्हणते मी, त्या शब्दात आता काही उरलेलं नाही. "येऊ नको" अर्धंच ऐकू गेलं असतं. उसाने भरलेला ट्रक येत होता.

"स्टॅच्यू!" मी किंचाळले.

ती जागच्या जागी गोठली. एक पाय वर, हात पसरलेले, तोंड उघडं. ट्रक मधून गेला. मागून दुसरा गेला. धूळ खाली बसली, तरी ती तशीच होती. फक्त वरचा पाय थरथरत होता.

आरडाओरडा ऐकून टायरवाला लाल ट्यूब हलवत रस्त्यात उतरला. गाड्या थांबल्या. मी पलीकडे जाऊन तिला घट्ट धरलं.

"आई, ओव्हर म्हण ना," ती दातांतून पुटपुटली. "पाय दुखतोय."

मी तिला आणखीच आवळलं. टायरवालाच म्हणाला, "ओव्हर, बाई, ओव्हर."

घरी आलो तेव्हा सासूबाई धाकट्याला घेऊन फाटकात उभ्या होत्या. नातीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून झालं, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी नवाच रस्ता म्हटलं होतं गं." एरवीचा आवाज नव्हता तो. भांडायचं पुष्कळ होतं. पायरीवर बसून मी तळव्यातली खडी काढत राहिले.

संध्याकाळी व्हॅनवाल्याला फोन केला. "दादा, उद्या जुन्या रस्त्यावर सोडा."

"जुना म्हणजे बाजारपेठेतला?"

मी डोळे मिटले. "नाही हो. जिथून आता काहीच जात नाही, तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी गेले तर सासूबाई माझ्या आधीच बाहेर. पायपुसणी काढून ठेवलेली, दोरीही सोडलेली. त्या दोन खांबांच्या मधोमध उभ्या होत्या, आणि रिकाम्या रस्त्यावर, बस थांबवतात तसा, आतापासूनच हात पुढे केला होता.

"आई, व्हॅनला वेळ आहे अजून. हात दुखेल."

"दुखू दे," त्या म्हणाल्या.