उरलेले दोन पत्रे

साताऱ्यात प्लेगनं उंदीर पडायला लागले आणि आमच्या नानासोंना आधी कुत्री आठवली.

गल्लीगल्लीतली माणसं माळावर झोपड्या घालत होती. नानासो बायकापोरं घेऊन वाईला मेव्हण्याकडे निघाले. मेव्हण्याला कुत्र्यांचा विटाळ, म्हणून टॉमी आणि राणी मागं राहणार, आणि त्यांच्या दिमतीला मी, बंगल्याचा राखणदार. मोटार लढाईसाठी सरकारनं नेलेली, गॅरेज रिकामंच होतं. कुत्री त्यात ठेवायची आणि आत एकही उंदीर शिरता कामा नये, असा हुकूम सुटला.

याकूब पत्रेवाला आला. बिळांत काचा ठासून त्यानं वर चुना लिंपला. कुत्री चाटतील म्हणून फरशीवरचे तेलाचे डाग सोड्यानं घासून काढले. भिंतींना कमरेइतका पत्रा, झरोक्याला बारीक जाळी. दोन बाजा टाकून वर मऊ पोती अंथरली. मी व्हरांड्यात जमिनीवर.

काम उरकलं तेव्हा दोन पत्रे उरले. याकूब ते सोडीना. त्याची बायको सलिमा नऊ दिवसांची बाळंतीण. चाळीस दिवस तिनं उंबरा ओलांडायचा नाही, असा त्याच्या आईचा हट्ट, त्यामुळं माळावर जायचं नावच नाही. मातीची खोली, भिंतीच्या बुडाला बिळंच बिळं. आणि लढाईपायी बाजारात पत्रा बघायला मिळत नव्हता.

"आवं नानासो, एवढं दोन द्या. बाळंतिणीच्या खाटंपाशी मारतो."

नानासो म्हणाले, राहू दे, लागतील. पत्रे गॅरेजच्या दाराआड उभे केले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

नानासो गेल्यावर तिसऱ्या दिवशी याकूब फाटकात उभा. "ज्ञानू, गड्या, मालक वाईत हायती. चाळीस दिवसांनी जसंच्या तसं आणून ठेवतो."

"मोजून गेल्यात रं," मी म्हणालो.

कुणी मोजलं नव्हतं. मला नोकरी प्यारी होती. वर शहाणपण शिकवलं, आईचं ऐकू नकोस, बाईला माळावर ने. आईपुढं त्याचं तोंड कधी उघडलं नव्हतं. तो मान खाली घालून गेला.

बाळंतपणाच्या एकविसाव्या दिवशी सलिमाच्या जांघेत गाठ आली. चोविसाव्या दिवशी तिनं उंबरा ओलांडला, चौघांच्या खांद्यावरून.

दोन महिन्यांनी नानासो परतले. कुत्री लठ्ठ झालेली. राणीला कुरवाळत त्यांनी चारी भिंती न्याहाळल्या, काम चोख झालं म्हणाले. मग दाराआड नजर गेली.

"ही अडगळ कशाला ठेवलीस? फेकून दे."

मी पत्रे डोक्यावर घेतले आणि याकूबचं घर गाठलं. म्हातारी कापसाच्या बोळ्यानं पोराच्या तोंडात शेळीचं दूध पिळत होती. याकूबनं आधी पत्र्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मालकानं मोजलं व्हतं न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. "कवाच न्हाई."

त्यानं पत्रे माझ्या डोक्यावरून उतरवले, आत नेले आणि रिकाम्या खाटेपाशी बिळांवर ठोकायला बसला. मी दारात उभा राहून एकेक घाव ऐकला. जा म्हणाला असता तर गेलो असतो. त्यानं पुढचा खिळा घेतला.