गार तांब्या

बाबाने तांब्यात मूठभर पांढरे 'सिद्धखडे' टाकले, ढवळलं, काहीतरी पुटपुटला आणि तांब्या पुढच्या माणसांच्या हातांना टेकवला. बघता बघता गार. "आली, शक्ती आली," करत रांग पुढे सरकली.

"चिंता उष्ण, कृपा शीतल," बाबा म्हणाला. "बोला आप्पा."

आप्पांचं भाताचं खाचर एवढंसं, पण त्यात बायकोनं जन्मभर बी राखलेलं उंच वाणाचं भात होतं. ती मागच्या वर्षी गेली, आणि ते बी दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं.

"भात फिकट दिसतंय," आप्पा म्हणाले.

"दिसणारच. मालकीणबाईंसाठी झुरतंय ते. हे पाणी पाजा त्याला."

झालं. आप्पा कॅन भरभरून ते पाणी खाचरात ओतू लागले. त्यांची लेक माती तपासायच्या कामावर होती. तिनं पानाला खताची गरज सांगणारी रंगपट्टी लावून दाखवलं, "याचा रंगच असा आहे, आप्पा. उपाशी नाहीये ते."

"तुझ्या पट्टीला दुःख कळतं का?"

आठवड्यात भात गर्द हिरवं झालं. "हसली बघ ती," आप्पा म्हणाले. लेकीला पुढे बोलवेना; तिलाही आई हवीच होती.

मग भात माजलं, त्यावर करपा रोग पडला आणि दाणा भरायच्या आत सगळं आडवं झालं. आप्पांनी हाती आलेलं बी मिठाच्या पाण्यात टाकलं. भरलेलं बी बुडतं, पोचट तरंगतं. सगळंच तरंगलं. तरी ते वाकून बादलीचा तळ बघत राहिले.

लेकीनं खताच्या गोणीतून मूठभर युरिया काढला, तांब्यात ढवळला आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. गार.

"युरिया विरघळताना पाण्यातली ऊब ओढून घेतो. एवढीच कृपा. जन्मभर मुठीनं फेकला आपण, तांब्यात कधी ढवळलाच नाही."

"मग ती हसली नव्हती?"

"नाही, आप्पा. तो युरियाचा रंग होता. आई कशी विचारून, थोडं थोडं वाढायची, भाताला तसंच वाढावं लागतं. एकदम ओतलं की बरंच वाया जातं, आणि अंगी लागतं ते बाधतं."

आप्पा तोच तांब्या घेऊन रांगेपुढे उभे राहिले.

"श्रद्धा कमी पडली तुमची," बाबा म्हणाला.

"कमी नाही, जास्त झाली. युरियासारखीच." त्यांनी तांब्या लोकांच्या हातात दिला. "यात गोणीतला युरिया आहे. घरी ढवळून बघा. पाणी गार लागलं तर हात जोडायच्या आधी विचारा, यात टाकलंय काय. मी विचारलं नाही, तिचं बी गेलं. तुमचं भात अजून उभं आहे."