मला रिकामी म्हणायचं नाही

मी खुर्ची बोलतेय. बसा. अहो, माझ्यावर नको! तिकडे स्टूल आहे, त्यावर बसा. माझ्यावर माणूस आहे.

दिसत नाही म्हणता? असे डोळस मी पुष्कळ पाहिलेत. आमच्या ब्यूनोस आयरीसमध्ये गल्लोगल्ली मनाचे डॉक्टर. पोटात दुखलं तरी लोक आधी त्यांच्याकडे जाऊन आपल्या आईबद्दल तासभर बोलून येतात, आणि मग औषध घेतात. अशाच एका डॉक्टरीणबाईंच्या खोलीत माझं बारसं झालं. नाव काय ठेवलं, तर 'रिकामी खुर्ची'. पुस्तकात छापलेलं नाव आहे म्हणे. छापू देत. मला ते कबूल नाही, आणि का नाही ते आज सांगूनच टाकते.

जन्म माझा साधा. ला बोका वस्तीतल्या एका इटालियन सुताराने मला चाकारिता भागातल्या एका कॉफीच्या दुकानासाठी बनवलं. लाकूड भक्कम, बैठक विणलेल्या गवताची. त्या दुकानात माणसं फुटबॉलवरून एकमेकांचे गळे धरायची, पण एका गोष्टीवरून कधी भांडण व्हायचं नाही. कुणी येऊन माझ्या पाठीला हात लावायचा आणि विचारायचा, "इथे कुणी बसलंय का?" शेजारचा म्हणायचा, "बसलंय. येतोय." संपलं! येणारा तासभर येईना का, जागा त्याची. हा कायदा मी तिथे शिकले आणि अजून पाळते.

पुढे दुकानाला कुलूप लागलं. नोएमीबाईंनी, म्हणजे त्याच डॉक्टरीणबाईंनी, मला जुन्या बाजारातून उचलून आपल्या खोलीत आणलं.

खोली दोघांची होती. सकाळी डॉक्टर इसिदोरो, म्हणजे नोएमीबाईंचे गुरू, आणि दुपारनंतर बाई. डॉक्टरांचा एक चामडी दिवाण खिडकीशी पसरलेला असायचा. आमच्याकडेही त्याला दिवाणच म्हणतात बरं का, आणि मिजास अशी की विचारू नका! पेशंट त्यावर आडवा व्हायचा, डॉक्टर त्याच्या उशामागे बसायचे. दिसायचे नाहीत, आणि बोलायचे तर त्याहून नाहीत. तासाभरात एखादं "हं". त्यांचं म्हणणं, दुखणं लहानपणीच आत गाडलेलं असतं. आपण गप्प बसलो की ते हळूहळू वर येतं. कधी कधी यायचंही. त्या दिवाणावर म्हाताऱ्या माणसांना लहान पोरासारखं रडताना मी पाहिलंय, उगाच खोटं कशाला बोलू?

नोएमीबाईंचं वेगळं. त्या समोर बसायच्या, डोळ्यांत बघायच्या. माणसाला त्याची वाट ठाऊक असते, आपण फक्त सोबत करायची, असं त्यांचं ठाम मत. सोबत म्हणजे 'माते'ची, आमच्याकडच्या कडू चहाची, वाटीसुद्धा. कडू पाल्यावर बाई थर्मासातलं गरम पाणी ओतायच्या, एकाच नळीने आळीपाळीने दोघं प्यायची. डॉक्टरांना हे बघवायचं नाही. आणि कुणाशी बोलायचं राहून गेलं असेल, तर बाई मला पेशंटसमोर सरकवायच्या. "समजा, तो इथे बसलाय. बोला."

आणि लोक बोलायचे हो! एका बाईने नवऱ्याला माझ्यावर बसवून असा झाडला, की मला वाटलं आता हा उठून पळणार. एका कारकुनाने साहेबाला शिव्या घातल्या आणि मग खिशातल्या रुमालाने मला पुसलं.

"पोरी, हा नाटकवाल्यांचा धंदा आहे," डॉक्टर म्हणायचे.

"आणि तुमचा तो दागदागिनेवाला पेशंट? इतकी वर्षं झोपूनच आहे," बाई म्हणायच्या.

डॉक्टर हसायचे आणि आपली टोपी माझ्यावर ठेवायचे. रोज. "रिकामीच तर आहे." मला असा राग यायचा!

मग ओफेलिया आली.

शहराच्या कडेला लानूसमध्ये राहणारी शिवणकाम करणारी बाई. तिला तिच्या मुलीने, मिर्ताने, हाताला धरून आणलं. त्या वर्षी देशाचं दिवाळं निघालं होतं आणि निम्मं शहर परदेशी निघालं होतं. मिर्ताही वालेन्सियाला चालली होती. आईला सोबत न्यायचं तिच्या मनात होतं, आणि आई घर सोडायला तयार नव्हती. कारण एकच. मुलगा आला तर याच दारात येईल.

मुलगा म्हणजे रुलो. केस कुरळे म्हणून रुलो. पंचवीसेक वर्षांपूर्वी लष्कराची राजवट होती, तेव्हा त्याला नेलं. कुणी नेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, कुठे नेलं ते कुणीच सांगितलं नाही. प्रेत नाही, कबर नाही, तारीख नाही.

आधी तिला डॉक्टरांनी घेतलं. बुटांसकट दिवाणावर आडवी झाली, पिशवी पोटावर घट्ट धरून. डॉक्टर म्हणाले, "हं." ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आईविषयी सांगा."

ओफेलिया उठून बसली. "माझी आई देवाघरी सुखात आहे. माझा मुलगा सापडत नाहीये. आणि झोपायला मला घरी पलंग आहे, डॉक्टर."

अशी ती दुपारच्या पाळीला आली. नोएमीबाईंनी माते केली तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं.

"त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं हेच पीत होतो," ती म्हणाली. "त्याच्या दोन वाट्या झाल्या होत्या. तिसरी ओतत होते, तर बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. त्याला वाटलं मित्र आला. म्हणाला, 'ओत तू म्हातारे, आलोच.' मी ओतली."

 बाईंनी वाटी पुन्हा भरून तिच्या हातात दिली.

कितीतरी आठवडे ती येत राहिली. पण विमानाचा दिवस जवळ आला तशी मिर्ता घायकुतीला आली. दाराशी बाईंना गाठून म्हणाली, "काहीतरी करा हो. तिला एकदाचा निरोप घेऊ द्या त्याचा. नाहीतर ती तिथे एकटी मरेल." बाई पाघळल्या. एरवी 'ज्याची वाट त्याला ठाऊक' म्हणणारी ही बाई, त्या दिवशी तिने मुलीची वाट आईला दाखवायचं ठरवलं.

त्या दुपारी दोघी मायलेकी आल्या. बाईंनी मला ओफेलियासमोर ठेवलं.

"ओफेलियाबाई, इथे रुलो बसलाय. मनात असेल ते बोला. आणि मग त्याला निरोप द्या."

ओफेलिया माझ्याकडे बघत राहिली. अहो, माझ्याकडे कुठे, त्याच्याकडे! माझ्या पाठीच्या वर, जिथे कुरळं डोकं यायला हवं तिथे.

"केस कापले नाहीस ना अजून?" ती म्हणाली. "दार तेच आहे रे. रंगसुद्धा बदलला नाही. तुझी निळी पँट लांब करून ठेवलीय, तू उंच झाला असशील."

"आता निरोप," बाई हलकेच म्हणाल्या.

ओफेलियाने वाटी घेतली, पाणी ओतलं आणि वाटी माझ्यासमोर धरली. हात जराही हलला नाही.

"बाई, तुम्ही याच गावच्या ना? मग सांगा, माते ओतणारा कधी थांबतो?"

नोएमीबाई गोंधळल्या. "समोरचा 'धन्यवाद' म्हणाला की. म्हणजे त्याला आता नको असतं."

"हा म्हणालाय?"

नोएमीबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणाला नाही," ओफेलिया म्हणाली. "'ओत तू' म्हणाला. म्हणजे त्याची पाळी अजून आहे. ज्यांनी त्याला नेलं ते आज पेन्शन खातायत, नातवंडं खेळवतायत. त्यांनी तोंड उघडायचं नाही आणि निरोप मी द्यायचा? वा रे वा! नाही देणार. काय करायचं ते करा."

शाब्बास! मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर वाजवल्या असत्या. पण तेवढ्यात मिर्ता उठली आणि धाडकन माझ्यावर येऊन बसली.

"ऊठ!" ओफेलिया ओरडली. "ती त्याची जागा आहे!"

"नाही उठत! सगळ्या जागा त्याच्याच, मग मी कुठे बसू?" मिर्ताचा आवाज चिरकला. "दर रविवारी त्याचं ताट मांडतेस. माझ्या ताटात काय आहे ते कधी पाहिलंस? मी शाळेतून आले, मी लग्न केलं, मी घटस्फोट घेतला, तू दाराकडेच बघत होतीस. तो नाही म्हणून मी पण नाही का गं, आई?"

कायद्याने मी तिला पाडायला हवं होतं. जागा दुसऱ्याची होती. पण पोरगी इतकी थरथरत होती की माझे चारही पाय कुरकुरायला लागले, आणि मला काही तिला पाडवेना. मी ताठ उभी राहिले. भावाच्या खुर्चीवर बहीण बसली, तर भाऊ काही रागावत नाही.

ओफेलियाचा हात अजून पुढेच होता. ती लेकीकडे बघत होती. मला वाटतं, फार दिवसांनी बघत होती.

"घे," ती म्हणाली. "गार होतंय."

मिर्ताने वाटी घेतली. रडत रडत प्याली, नळीतून शेवटचा सूं सूं आवाज येईपर्यंत. मग वाटी परत दिली आणि सवयीने तोंड उघडलं, "धन्—"

"म्हणू नकोस!"

मिर्ता थबकली.

"तू जा वालेन्सियाला," ओफेलिया म्हणाली. "खुशाल जा, सुखात राहा. मी इथून हलणार नाही, त्यावर बोलायचं नाही. पण तो शब्द म्हणू नकोस. तुझी पण पाळी राहू दे."

मिर्ताने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. मग आईने तिला जवळ ओढलं, आणि दोघी अशा काही रडल्या की माझी बैठक भिजली.

नोएमीबाई खाली मान घालून बसल्या होत्या. "मी तुमचं ऐकलंच नाही," एवढंच म्हणाल्या.

दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर इसिदोरो विसरलेली छत्री न्यायला आले होते आणि तिथेच उभे राहिले होते. मायलेकी गेल्यावर ते आत आले. सवयीने टोपी काढली, माझ्यापर्यंत हात आणला आणि थांबले. इकडेतिकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यावर टोपी ठेवून बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी रिकामी म्हटलं नाही, आणि मीही त्यांना माफ केलं.

आता ते नाहीत. दिवाण कुठल्याशा हॉटेलात गेला, तिथे त्यावर लोक फोटो काढतात म्हणे. बरं झालं मिजासखोराचं. नोएमीबाईंनी काम सोडलं तेव्हा त्या मला स्वतः उचलून लानूसला घेऊन आल्या. ओफेलियाच्या स्वयंपाकघरात मी टेबलाशी उभी आहे. माझी वीण एका बाजूने उसवलीय, एक पाय आखूड झालाय, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे.

ओफेलिया खूप थकलीय. हात कापतात, पण थर्मास सोडत नाही. एक वाटी स्वतःची, एक रुलोची, एक मिर्ताची. तिन्ही तीच पिते. मिर्ता उन्हाळ्यात येते तेव्हा ती ओतते, आणि भावाची पाळी चुकवत नाही.

परवा वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले होते. त्यांनी माझ्या पाठीला हात लावला. "ही रिकामी आहे का? आमच्याकडे पाहुणे आलेत."

ओफेलियाने मान वर केली नाही. "बसलंय," ती म्हणाली. "येतोय."

ऐकलंत? म्हणून सांगते, तुमच्याही घरात अशी एखादी जागा असेल, तर ती कुणाच्या सांगण्यावरून मोकळी करू नका. तिच्यावर कोण आहे ते तुम्हाला ठाऊक असतं, बास झालं. बरं, निघा आता. पाणी तापलंय, आमच्या पाळ्या सुरू होतील. एक वाटी तुम्हीही घ्या हवी तर. घ्या आणि परत द्या.

फक्त धन्यवाद म्हणू नका.