कानामागचं तेल

नवागामच्या खान्देशी मंडळाने नट रतन बोरसे यांचा सत्कार ठेवला होता. कुणी त्यांच्या लबाड सरपंचाचे संवाद मागत होते, कुणी बहिऱ्या आजोबांचे. मंगलाबाई मात्र त्यांच्या लूम कारागिराच्या भूमिकेसाठी आल्या होत्या. त्या सिनेमासाठी बोरसे त्यांच्या नवऱ्याकडे, छगनकडे, कापडाच्या लूमवर काम शिकले होते. छगन आता नव्हता. बोरशांना तो आठवत असेल का, एवढीच मंगलाबाईंना धाकधूक होती.

"भाऊ, आमचे छगन पाटील आठवतात का?"

"वहिनी, विसरेन कसा? धाग्याची गाठ सुटली की शिव्या घालायचे! म्हणायचे, कसला रे तू नट?"

बोलता बोलता बोरशांनी बोटं कानामागे पुसली. गाठ मारून झाली की छगन तस्संच बोटांचं तेल पुसायचा.

मंगलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"उशीचे अभ्रे काळे व्हायचे, म्हणून त्या खोडीवरून मी जन्मभर भांडले. पण भाऊ, तुम्ही ती उचललीत, म्हणून सिनेमा लावला की हे मला हलतेबोलते दिसतात. फार उपकार झाले तुमचे."