समुद्रावरून येणारा

गवेराने वायरलेसचं बटण दाबलं, तोंड उघडलं आणि बटण सोडलं.

छावणीवर पहाटेचं धुकं होतं. राजधानी पोर्ट मोर्स्बीत तेव्हा दोन पंतप्रधान होते, एक संसदेने निवडलेला, एक न्यायालयाने ठरवलेला. दोघांनाही एकच स्वप्न पडत होतं आणि देश त्यात झोपेत चालल्यासारखा चालत होता. त्यांतल्या एकासाठी सार्जंट गवेराच्या तुकडीने बंड केलं. सेनापती कर्नल लाहारा व्हरांड्यातच, लुंगीवर, हाती लागले. आता वायरलेसवर त्यांचं नाव घेऊन अटक जाहीर केली, की बाकीच्या छावण्या येऊन मिळणार होत्या.

पण कर्नल गवेराचे सासरे. आमच्या किनाऱ्यावर सासरा-जावई एकमेकांचं नाव घेत नाहीत. घेतलं की सोयरीक तुटली, मुलगी माहेरी. लाहारा हे वायव्येच्या वाऱ्याचंही नाव. लग्नापासून गवेरा त्या वाऱ्याला ‘समुद्रावरून येणारा’ म्हणे.

“बोला की, सार्जंट,” कॉर्पोरल याम्बुन म्हणाला. तो दूरच्या नदीकाठचा, त्याला ही रीत ठाऊक नव्हती. त्याची बंदूक किंचित वळली. “की बाजू बदलली?”

गवेराने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा सोडलं.

“जावईबापू,” कर्नल सुपारी चघळत म्हणाले, “मला धरायला एखादा बिनलग्नाचा तरी पाठवायचा. आणा इकडे.” त्यांनी माइक ओढला. “मी कर्नल लाहारा. मला अटक झाली आहे.” आणि माइक परत देत, “चुना आहे का?”

गवेराने खिशातली डबी पुढे केली.

दुपारपर्यंत कोणीही आलं नाही. पानपट्टीवर उभं राहून सांगावी तशी स्वतःची अटक सांगणाऱ्या सेनापतीवर एकाही छावणीने विश्वास ठेवला नाही. धुक्यामागोमाग बंडही विरलं.

डोंगराकडचा एक मेजर चौकशीला आला. तुकडी ओळीत उभी केली.

“सर, यांतल्या कोणी पकडलं तुम्हाला?”

कर्नलांची नजर ओळीवरून हळूहळू सरकली, गवेरापाशी थांबली. याम्बुन आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“नाव घेता येत नाही.”

“आठवत नाही?”

“तसं लिहा.”

मेजरने लिहिलं. इतक्यात गवत एका बाजूला लवलं आणि त्याची टोपी उडता उडता राहिली.

“काय वारा आहे!” टोपी दाबत तो समोरच्या गवेराला म्हणाला. “काय म्हणता तुम्ही लोक याला?”

“समुद्रावरून येणारा, सर.”