जेवणघराच्या मधोमध

आमच्या फ्लोरिडात जमिनीखाली चुनखडक आहे. पाणी तो आतल्या आत पोखरतं आणि एखाद्या दिवशी वरची जमीन खचते. माझे शेजारी नोरीन आणि वेंडेल टॅकेट एका रविवारी चर्चला गेले होते, तेव्हा त्यांच्या जेवणघराची फरशी अशीच खाली गेली. टेबल, खुर्च्या, नोरीनच्या आईचं कपाट, सगळं. आवाज मी ऐकला होता. मला वाटलं, कचऱ्याची गाडी आली.

दोघं माझ्याकडे राहायला आले. रडलं कुणीच नाही. नोरीन माझी भांडी घासायची, वेंडेल खिडकीतून त्यांच्या घराच्या दुरुस्तीचं काम बघत बसायचा. कंपनीच्या माणसांनी खडकापर्यंत पाइप उतरवले आणि पंपानं सिमेंट भरत राहिले, ट्रकमागून ट्रक. वर नवी फरशी घातली. इंजिनिअर म्हणाला, आता गल्लीत सगळ्यात पक्कं घर हेच.

ते परत राहायला गेले. हिवाळ्यात मला जेवायला बोलावलं, तर पानं गाडीच्या शेडमध्ये मांडलेली. मीठ आणायला मी आत गेले. जेवणघर रिकामंच होतं. मागून वेंडेल आला आणि भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात गेला. नोरीनही तशीच. त्यांच्या ते ध्यानातही नसावं.

मी विचारलं, मधून का जात नाही?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नोरीन सरळ मधोमध जाऊन उभी राहिली.

"वेंडेल, इकडे ये."

तो गेला, आणि लिफ्टमध्ये उभं राहतात तसा तिच्या शेजारी उभा राहिला.

"भीती वाटतेय?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं वाटतंय?"

"तेही नाही. तुला?"

"मला त्या रविवारपासून काहीच वाटत नाहीये. वाटलं होतं, तू विचारशील."

"मला वाटलं, माझं एकट्याचंच असं झालंय."

त्यानं तिचा हात धरला. बाहेर येऊन आम्ही गार झालेलं चिकन खाल्लं.

उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं. घेणाऱ्या नर्सनं दुरुस्तीचे सगळे अहवाल वाचले आणि नेमकं तिथंच टेबल मांडलं. टॅकेट जॉर्जियाला, नोरीनच्या बहिणीजवळ गेले. परवा नोरीनचा फोन होता. हातून एक बशी फुटली म्हणाली, साधीच, दुकानातली. त्यावरून ती दुपारभर रडली आणि वेंडेल शेजारी बसून होता. हे तिनं मला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं.